महानायकाच्या पत्नीच्या हातात काय दाखवावे?

प्रश्न : कात्रजचे पाणी

मी पुण्यात राहतो आणि गेल्या दीड वर्षापासून एक मराठी चित्रकथा लिहीत आहे. चौसष्ट पानांच्या या कथेचा नायक दिवसा पंपदुरुस्तीची कामे करतो. जमिनीखालून वाहणारे पाणी त्याला ऐकू येते आणि भिंतीला किंवा दगडाला हात लावून तो ते पाणी अडवू शकतो, वळवू शकतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेली जमिनीखालची जलवाहिनी, तिचे उच्छ्वास (हवेसाठी ठेवलेली तोंडे) आणि पेठांमधले जुने हौद यांच्या आधाराने संपूर्ण कथा उभी आहे. नायकाविषयी, खलनायकाविषयी आणि शहराविषयी मला फारशी अडचण वाटत नाही. माझी अडचण नायकाच्या पत्नीची आहे.

तिचे नाव सुनंदा. तिसऱ्या पानावर मी लिहून ठेवले आहे की ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आरेखक म्हणून नोकरी करते. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर मी तिची पाने मोजली, तेव्हा ती अकरा पानांवर आढळली. त्यांपैकी पाच ठिकाणी ती दार उघडते, तीन ठिकाणी खिडकीपाशी उभी राहते, दोन ठिकाणी फोन लावते आणि नायक तो उचलत नाही, आणि अखेरच्या ठिकाणी खलनायक तिला पळवून नेतो. हे मी मुद्दाम ठरवून केलेले नव्हते. वर्षानुवर्षे जे वाचत आलो तेच हातून उतरले.

या कथेची चित्रे माझी एक मैत्रीण काढत आहे. सुनंदा चौथ्यांदा दार उघडते ते पान तिने हाती घेतले, तेव्हा तिने मला विचारले, ‘‘या बाईंच्या हातात मी काय दाखवू?’’ मला उत्तर देता आले नाही. नायकाच्या हातात प्रत्येक चौकटीत काय आहे, पाना आहे की दोरखंड आहे की ओली माती आहे, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. सुनंदाच्या हातांकडे मात्र मी एकदाही पाहिले नव्हते. तेव्हापासून काम थांबले आहे.

सुनंदालाही एखादी अद्भुत शक्ती देऊन टाकावी, असे दोघातिघांनी सुचविले. मला तो मार्ग नको आहे. कारण मग ती महानायकाची (सुपरहिरोची) पत्नी न राहता दुसरी महानायिका होईल, आणि मला जे सांगायचे आहे ते एका साध्या माणसाच्या संसाराविषयी आहे. पतीचे गुपित तिला ठाऊक असावे की नसावे? विवाहित महानायक लेखकाला जड जातो, असे मी अनेकदा वाचले आहे, त्यात कितपत तथ्य आहे? आणि शक्ती न देता अशा पात्राला कथेत अपरिहार्य कसे करता येईल? ज्यांनी या प्रकारच्या चित्रकथा मन लावून वाचल्या आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : जुना इंद्रजालवाचक

आपल्या मैत्रिणीचा प्रश्न फार योग्य आहे. त्याचे उत्तर मी वेताळ (इंग्रजीतला फँटम) या महानायकाच्या पत्नीपासून, डायनापासून देतो, कारण माझ्या पिढीने महानायकाची पत्नी पहिल्यांदा पाहिली ती तिच्या रूपाने. वेताळाच्या कथा छापणारी इंद्रजाल कॉमिक्स १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. त्यांतली अनेक वर्षे आम्ही नारायण पेठेतील एका दुकानातून जुने अंक भाड्याने आणून, संध्याकाळपर्यंत वाचून, पाने न दुमडता परत करीत असू. मी आणि माझी थोरली बहीण एकच अंक शेजारी बसून वाचायचो. मी मारामारीच्या पानांवर थांबायचो आणि ती डायनाच्या पत्रांवर थांबायची, त्यामुळे पान उलटण्यावरून आमचे रोज भांडण होई.

ली फॉक यांनी वेताळाची चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतील वृत्तपत्रांत सुरू केली. डायना पामर पहिल्याच कथेत आहे, पण दोघांचा विवाह झाला तो १९७७ मध्ये. म्हणजे वाचकांनी एक्केचाळीस वर्षे वाट पाहिली. पुढे १९७९ मध्ये किट आणि हेलोईज ही जुळी मुले झाली. या दीर्घ काळात डायना नुसती घरी बसून राहिली असती, तर हे पात्र कधीच विस्मरणात गेले असते. ती पोहण्यात आणि सूर मारण्यात निष्णात आहे, ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेली आहे, आणि संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करते. वेताळ जंगलात असतो तेव्हा तीही कामावर असते. दोघांमधले अंतर हे एकाच्या अनुपस्थितीमुळे निर्माण झालेले नाही. दोघांनाही कामे असल्यामुळे ते निर्माण झालेले आहे. माझ्या बहिणीला ती पत्रे का आवडत असत हे मला फार उशिरा कळले. त्या पत्रांत डायना स्वतःचे काहीतरी सांगत असे.

आणखी एक गोष्ट सांगतो. माझ्या मते वेताळ या कल्पनेतच पत्नीला असे स्थान आहे, जे इतर महानायकांच्या कथांमध्ये नाही. जगाला वाटते की वेताळ अमर आहे. प्रत्यक्षात तो एकविसावा वेताळ असून पित्याच्या मृत्यूनंतर पुत्राने तोच वेश धारण करायचा, अशी ती परंपरा आहे. म्हणजे त्याचे अमरत्व पिढ्यांवर उभे आहे, आणि प्रत्येक पिढीत कोणीतरी स्त्री त्या जंगलात येऊन राहिली आहे, तिने पुढच्या वेताळाला जन्म दिला आहे आणि वाढविले आहे. डेंकालीच्या साऱ्या जंगलाचा ज्याच्या अमरत्वावर विश्वास आहे, त्याला एक दिवस मरण आहे हे तिला निश्चित ठाऊक असते. एवढे मोठे ज्ञान घेऊन ती रोज सकाळी उठते. फॉक यांनी याचा जितका उपयोग करायला हवा होता तितका केला नाही, आणि डायनाला पळवून नेण्याचे प्रसंगही त्यांनी पुष्कळ लिहिले, ही माझी तक्रार आहे. तरीसुद्धा आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर मला इथेच दिसते : गुपित तिला ठाऊक असू द्यावे. ज्या पत्नीला काहीच माहीत नाही ती फार तर फसविली जाऊ शकते. जिला सर्व माहीत आहे तिला निर्णय घ्यावे लागतात.

उत्तर : चौकटीबाहेरची रेघ

आपण विचारलेल्या दुसऱ्या शंकेविषयी लिहितो, कारण गेली अनेक वर्षे मी अमेरिकन चित्रकथांचा हाच भाग लक्षपूर्वक वाचत आलो आहे. विवाहित महानायक जड जातो हे लेखकांना आणि त्याहून अधिक संपादकांना वाटत आले आहे, हे खरे आहे. मात्र त्याचे जे कारण दिले जाते ते मला पुरेसे वाटत नाही.

लोइस लेन १९३८ मध्ये अॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात, म्हणजे सुपरमॅनच्याच पहिल्या कथेत अवतरली. ती वार्ताहर आहे, धीट आहे आणि बातमीसाठी संकटात उडी घेणारी आहे. पण लवकरच तिच्या कथांचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरू लागला : क्लार्क केंट हाच सुपरमॅन आहे, हे तिला कळेल का? १९५८ मध्ये तिच्या नावाने स्वतंत्र मासिक निघाले आणि ते १९७४ पर्यंत चालले. त्यातही गुपित शोधणे आणि सुपरमॅनशी विवाह होण्याची स्वप्ने पाहणे यांवर असंख्य पाने खर्च झाली. वृत्तपत्रातील चित्रमालिकेत तर १९४९ मध्ये त्यांचा विवाह लावून दिला गेला आणि पुढे ते सारे स्वप्न होते असे सांगण्यात आले. मुख्य मालिकेत क्लार्कने तिला सत्य सांगितले ते १९९१ मध्ये. त्यानंतर विवाह ठरला होता. पण त्याच सुमारास दूरचित्रवाणीवर या जोडप्याची मालिका येऊ घातल्यामुळे तो पुढे ढकलण्यात आला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत १९९२ च्या अखेरीस सुपरमॅनच्या मृत्यूची गाजलेली कथा आली. अखेर १९९६ मध्ये छापील कथेतला आणि दूरचित्रवाणीवरचा विवाह एकाच सुमारास पार पडला. २०११ मध्ये सर्व मालिका नव्याने सुरू करताना हा विवाह पुसून टाकण्यात आला, आणि २०१६ मध्ये विवाहित क्लार्क आणि लोइस आपल्या मुलासह, जॉनसह, पुन्हा मुख्य कथेत परतले.

स्पायडरमॅनचे उदाहरण अधिक कठोर आहे. पीटर पार्कर आणि मेरी जेन वॉटसन यांचा विवाह १९८७ मध्ये झाला. त्या वर्षी जून महिन्यात न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वेशभूषा केलेल्या कलाकारांकडून तो प्रेक्षकांसमोर लावण्यात आला आणि पौरोहित्य स्वतः स्टॅन ली यांनी केले. वीस वर्षांनी, २००७ मध्ये सुरू झालेल्या कथेत, मृत्युशय्येवरच्या मे काकूंचे प्राण वाचविण्यासाठी पीटर आणि मेरी जेन एका सैतानी शक्तीशी करार करतात आणि त्या बदल्यात त्यांचा विवाह कधी झालाच नव्हता, असे जग होते. विवाहामुळे पीटर वयस्क वाटतो आणि तरुण वाचकाला तो आपला वाटत नाही, अशी भूमिका तेव्हाच्या संपादकांनी उघडपणे मांडली होती.

माझे म्हणणे असे आहे की वय हे खरे कारण नव्हे. या स्त्रीपात्रांना कथेत पुढे ढकलणारा जोर एकच होता, आणि तो म्हणजे गुपित किंवा पाठलाग. तिला कळेल का, तो तिला स्वीकारील का, हे प्रश्न विवाहाच्या दिवशी संपतात. त्या जागी दुसरा प्रश्न ठेवण्याचे कष्ट लेखकाने घेतले नाहीत तर पत्नी साहजिकच दारात आणि खिडकीत उभी राहते, आणि मग दोष विवाहाला दिला जातो.

दुसरा प्रश्न ज्यांनी ठेवला त्यांच्या कथा आजही वाचनीय आहेत. १९८८ मध्ये ग्रँट मॉरिसन यांनी अॅनिमल मॅनची मालिका लिहायला घेतली. त्यातला बडी बेकर हा दोन मुलांचा बाप आहे आणि त्याची पत्नी एलन चित्रपटांसाठी दृश्यचित्रे रेखाटण्याचे काम करते. तो महानायक म्हणून जम बसवू पाहत असताना घर चालते ते तिच्या कमाईवर. पतीच्या ध्येयाचा घरखर्चाशी काय संबंध येतो, हा प्रश्न त्या कथेत पहिल्यापासून आहे आणि तो कोणत्याही खलनायकाइतका जिवंत आहे. पुढे एलनची आणि मुलांची हत्या होते. बडी शोक करीत, सूड घेत अखेर स्वतःच्या लेखकासमोर जाऊन उभा राहतो, आणि लेखक त्याला त्याचे कुटुंब परत देतो. कथेला धार यावी म्हणून घरच्या माणसांना मारण्याची जी सवय या क्षेत्राला लागली आहे, तिच्याविषयी एवढ्या प्रामाणिकपणे फार थोड्यांनी लिहिले आहे. या सवयीकडे चित्रकथा-लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये बळी गेलेल्या स्त्रीपात्रांची यादी करून लक्ष वेधले होते, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्यानंतर पाच वर्षांनी, २००४ मध्ये, इलाँगेटेड मॅन या महानायकाच्या पत्नीची, सू डिबनीची हत्या दाखविण्यात आली. १९६१ पासून ती आपल्या पतीसोबत देशोदेशी हिंडत, त्याच्या बरोबरीने रहस्ये उलगडत आली होती, आणि तिच्याकडे कोणतीही शक्ती नव्हती. विवाह हाच कथेचा आनंद असू शकतो, हे दाखविणारे असे दुसरे जोडपे मला आठवत नाही, आणि म्हणूनच ती हत्या मला आजही चुकीची वाटते.

एका मोहापासून मात्र आपण सावध राहावे. पत्नीचे प्रेम हाच नायकाचा आधार, तिच्यामुळेच तो परत येऊ शकतो, अशी मांडणी पुष्कळ कथांमध्ये आढळते. तिसऱ्या फ्लॅशची, वॉली वेस्टची, लिंडा पार्क या वार्ताहर स्त्रीशी असलेली जोडी नव्वदच्या दशकात अशा रीतीने फार सुंदर लिहिली गेली आहे, आणि मला ती मनापासून आवडते. परंतु दीपस्तंभाला जागेवर उभे राहण्यापलीकडे काही करावे लागत नाही. तिथेही आपल्या मैत्रिणीचा प्रश्न शिल्लकच राहील.

आता आपल्या कथेकडे येतो. सुनंदा आरेखक आहे, असे आपण स्वतःच लिहिले आहे. पाण्याच्या वाहिन्यांचे नकाशे काढणारी स्त्री, आणि जमिनीखालचे पाणी ऐकणारा तिचा नवरा! त्याला पाण्याचा आवाज येतो. पण ते पाणी कोणत्या रस्त्याखालून कुठे जाते, हे तिलाच ठाऊक असणार. असे असताना अकरा पानांत ती एकदाही नकाशाला हात लावत नाही, हे मला समजले नाही.

उत्तर : एकटा शिलेदार

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, पण मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही. चौसष्ट पाने ही फार थोडी जागा आहे. १९९६ ते २०११ या पंधरा वर्षांत सुपरमॅन विवाहित होता, तेव्हाच्या कित्येक अंकांत घरातले संवाद अपरिहार्य म्हणून घातलेले आहेत आणि वाचक म्हणून मी ती पाने भरभर उलटत असे. प्रत्येक प्रसंगानंतर घरी परतावे लागणारा नायक कथेला मागे ओढतो. पत्नीला न्याय देता येत नसेल, तर तिला कथेतून वगळणे हा तिचा अपमान नव्हे. वेताळाच्याच इंद्रजाल कॉमिक्समध्ये बहादूर या नायकाच्या कथा येत. तिथे बेला त्याची पत्नी नसून सहकारी म्हणून वावरते आणि दोघांच्याही वाट्याला काम येते. आपल्या कथेतही सुनंदा पत्नी असण्याऐवजी त्याची कचेरीतली परिचित असती, तर हा पेच पडला नसता.

उत्तर : भवानी पेठेतली शिवणकाम करणारी

मी चित्रकथा फारशा वाचलेल्या नाहीत. माझ्या मुलाने हा प्रश्न मला दाखविला, कारण माझे यजमान बावीस वर्षे अग्निशमन दलात नोकरी करीत आहेत. त्यामुळे खिडकीत उभ्या राहणाऱ्या बाईविषयी मला थोडे सांगता येईल.

मी खिडकीत कधीही उभी राहिलेली नाही. खिडकीतून काही दिसत नाही. आग शहराच्या दुसऱ्या टोकाला असते आणि आमच्या खिडकीतून समोरच्या वाड्याची भिंत दिसते. ज्या रात्री मोठी आग लागल्याचे कळते, त्या रात्री मी मशीनवर बसते. एकदा असेच मध्यरात्रीनंतर शेजारच्या मुलाने निरोप आणला की आमच्या यजमानांची गाडी गेली आहे आणि आग मोठी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलीचे लग्न होते आणि तिच्या आईचा ब्लाउज माझ्याकडे राहिला होता. मी तो पूर्ण केला, हुक लावले, काज केले. बाहेरच्या माणसाला वाटेल की या बाईला काहीच वाटत नाही. पण हात मोकळे सोडले असते, तर ते थरथरले असते आणि मुलांनी ते पाहिले असते. म्हणून तुमच्या मैत्रिणीला सांगा की अशा बाईचे हात कधीच रिकामे नसतात.

दुसरे असे की यजमान घरी आल्यावर मी त्यांना काय झाले ते विचारत नाही. त्यांचे बूट दारात कसे पडले आहेत, पाणी पिताना ते थांबतात का, खोकला कोरडा आहे की ओला, यांवरून मला समजते. ते जे सांगतात त्यापेक्षा जे सांगत नाहीत ते मोठे असते, आणि ते केव्हा विचारायचे व केव्हा तसेच राहू द्यायचे, हे शिकायला मला काही वर्षे लागली. सुरुवातीच्या वर्षांत मी चुकीच्या वेळी विचारले आहे आणि आमचे कडाक्याचे भांडण झाले आहे. तुमच्या कथेत सुनंदा एकदाही भांडत नाही का? आमच्या घरी एकदा सुट्टीच्या दिवशीही बोलावणे आले, तेव्हा मी स्पष्ट सांगितले होते की आज मुलीला परीक्षेला घेऊन जायचे आहे आणि आज तुम्ही जाणार नाही. त्या दिवशी ते गेले नाहीत. मी बरोबर होते की चूक, हे मला आजपर्यंत ठरविता आलेले नाही.

वरच्या सद्गृहस्थांनी पत्नीला वगळायला सांगितले आहे. त्यांचा राग मला आलेला नाही. पण पती धोक्याचे काम करतो त्या घरातली विम्याची कागदपत्रे कुठे आहेत, शाळेची फी भरली की नाही, त्याच्याबरोबर काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या घरचे फोन नंबर कोणाकडे आहेत, हे सगळे कोणाला तरी माहीत असावे लागते. ती बाई चित्रात नसली तरी घरात असतेच.

उत्तर : माजघर

वरील उत्तर वाचल्यावर मला राहवले नाही. मी मराठी शिकवीत असे, आता निवृत्त झाले आहे. आपण सर्वांनी डायना आणि लोइस यांची उदाहरणे दिलीत. पण असामान्य पुरुषाच्या पत्नीने स्वतःच्या शब्दांत आपले आयुष्य सांगणे ही तर मराठीतली जुनी आणि भक्कम परंपरा आहे, आणि तिची सुरुवातीची मोठी पुस्तके याच शहराशी निगडित आहेत. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. अकरा वर्षांच्या असताना त्या न्यायमूर्तींच्या घरी आल्या, पतीने त्यांना शिकविले, आणि त्या शिक्षणाबद्दलचा घरातल्या बायकांचा रोष त्यांना रोज सोसावा लागला. न्यायमूर्ती दिवसभर न्यायालयात आणि सभांमध्ये. त्यांच्या सुधारणेची किंमत मात्र माजघरात मोजली जात होती, आणि ती मोजणारी रमाबाई होती. आनंदीबाई कर्वे यांनी ‘माझे पुराण’मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्यासारख्या निःस्वार्थी माणसाचा संसार आतून कसा दिसतो, हे ज्या सरळपणे लिहिले आहे, तो सरळपणा मला कोणत्याही चरित्रात आढळलेला नाही.

ही पुस्तके लेखकाने चित्रकथेसाठी वाचावीत, असे मी आग्रहाने सुचविते. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पतीचा लढा आणि पत्नीचा लढा एकाच कारणातून निघतात, पण ते निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या माणसांशी होतात. सुनंदाला पतीच्या खलनायकाशी लढण्याची गरज नाही. पतीच्या पराक्रमामुळे तिच्या आयुष्यात कोणता पेच उभा राहतो, तो शोधावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : कात्रजचे पाणी

गेले चार दिवस मी ही उत्तरे पुन्हा पुन्हा वाचत आहे. सर्वांचा मनापासून आभारी आहे. ‘एकटा शिलेदार’ यांचा आक्षेप मी गांभीर्याने घेतला आणि सुनंदाला वगळून कथेचा आराखडा करूनही पाहिला. तो अधिक वेगवान झाला, पण नायक घरी गेल्यावर काय करतो हे मला सांगता येईना, आणि हळूहळू तो मला माणूसच वाटेना. म्हणून ती राहणार.

आता मी कथेत असा बदल करीत आहे. सुनंदाला पतीचे गुपित पहिल्या पानापासून ठाऊक असेल. कथेच्या मध्यावर नायक एका वस्तीत शिरणारे पाणी वळविण्यासाठी जुन्या जलवाहिनीची भिंत आतून फोडतो आणि माणसे वाचतात. माझ्या जुन्या खर्ड्यात तो प्रसंग तिथेच संपत होता. नव्या खर्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाला कचेरीतून त्याच जागी पाठविले जाते, कारण फुटलेल्या वाहिनीची मापे घेऊन नकाशा करण्याचे काम तिचे आहे. भिंत बाहेरच्या दाबाने फुटली की कोणी आतून फोडली, हे दगड कसे पडले आहेत त्यावरून तिला दिसते. नकाशा खरा काढला तर चौकशी पतीपर्यंत पोहोचेल. खोटा काढला तर पुढे त्या नकाशाच्या भरवशावर जे मजूर खाली उतरतील, त्यांचा जीव धोक्यात येईल. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने एकही रेघ खोटी ओढलेली नाही. गुपित उघड होईल का, हा प्रश्न आता खलनायकाच्या हातातून निघून तिच्या हातात आला आहे. पळवून नेण्याचा प्रसंग मी काढून टाकला आहे.

माझ्या मैत्रिणीला हे सांगितले, तेव्हा तिने लगेच मापाची फीत, चिखलाने भरलेले बूट आणि कागदावर टेकलेली पेन्सिल यांची चित्रे काढायला घेतली. एकतिसाव्या पानावर ती खरी रेघ ओढते आणि संध्याकाळी पतीला तसे सांगते. तो रात्री उशिरा परत येतो, ती दार उघडते आणि दोघे समोरासमोर उभे राहतात. सबंध कथेत तिने दार उघडण्याचा हा एकच प्रसंग मी ठेवला आहे. यात काही खटकत असेल तर अवश्य सांगावे.

उत्तर : भवानी पेठेतली शिवणकाम करणारी

बाकी सारे मला पटले, आणि चिखलाचे बूट आता तिचे आहेत हे फार आवडले. एवढेच सांगते की त्या रात्री दार उघडायला ती उठणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात किल्ली त्याच्याकडे असतेच. ती आत टेबलावर नकाशा पुरा करीत असेल, कुलूप फिरल्याचा आवाज तिला ऐकू येईल, आणि तो आत येऊन बूट काढेपर्यंत ती मान वर करणार नाही.